मधुमेह, पायाची संवेदना कमी आणि चवड्याखाली घट्टा : घरी काय करावे, काय करू नये?

पाऊलवाट

आईचे वय ६७, मधुमेह १५ वर्षांपासून, शेवटचे एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या सरासरी साखरेची तपासणी) ८.१ टक्के. या वेळच्या तपासणीत तळव्याला नायलॉनचा तंतू टेकवून पाहिला आणि दोन्ही पायांची संवेदना कमी झाली आहे असे सांगितले. जखम नाही. पण चार गोष्टी दिसतात :

उजव्या अंगठ्याच्या मुळाशी, तळव्याच्या बाजूने, पिवळसर जाड घट्टा. दाबला तरी दुखत नाही.
दोन्ही टाचांना भेगा, कातडी कोरडी ठणठणीत.
डाव्या करंगळीच्या बेचक्यात कातडी पांढरी, भिजल्यासारखी. खाज नाही.
डाव्या अंगठ्याचे नख जाड आणि पिवळे, नेलकटरमध्ये मावत नाही.

घट्टा घरी घासून काढावा का? औषधांच्या दुकानात कॉर्नची पट्टी मिळते, ती चालेल का? रोज कोमट पाण्यात पाय बुडवून ठेवण्याचा सल्ला अनेक जण देतात, तो बरोबर आहे का? आईला खाली वाकता येत नाही, मग रोज पाय तपासायचे कसे? आणि घरात व बाहेर पायात काय घालावे? जाणकारांनी नेमके सांगावे ही विनंती.

---

टाचणी

सर्वांत आधी घट्ट्याबद्दल, कारण तुमच्या यादीत खरा धोका तिथे आहे. भेगा जास्त डोळ्यात भरतात, पण घट्टा जास्त घातक.

घट्टा हा कातडीचा आजार नव्हे, तो दाबाचा पुरावा आहे. मधुमेहात मज्जातंतू बिघडले की पावलातले छोटे स्नायू दुबळे होतात, बोटे वाकडी होऊन वर उचलली जातात आणि चवड्याखालची चरबीची गादी पुढे सरकते. हाडांची टोके कातडीला थेट टेकतात. त्यात अंगठ्याचा सांधा आखडलेला असेल तर चालताना अंगठा पुरेसा वर वळत नाही आणि पाऊल उचलतानाचा सगळा भार त्याच्या खाली येतो. त्या जागी कातडी जाड होते. ती जाड झाली की तीच बुटात अडकलेल्या खड्यासारखी आतल्या मांसाला दाबू लागते. खाली रक्त साकळते, पोकळी होते आणि एक दिवस वरचे टरफल फुटून जखम दिसते. म्हणजे जखम दिसते त्याच्या बऱ्याच आधी ती आत तयार झालेली असते. 'दाबला तरी दुखत नाही' हे लक्षण त्यामुळे दिलासा देणारे नाही.

कॉर्नची पट्टी अजिबात नको. तिच्यात सॅलिसिलिक ॲसिड असते, बऱ्याच पट्ट्यांत ४० टक्क्यांपर्यंत. ॲसिडला जाड कातडी आणि निरोगी कातडी यांतला फरक कळत नाही. पट्टी जरा सरकली की शेजारची कातडी भाजते. संवेदना असलेल्या माणसाला आग होते आणि तो पट्टी काढतो. तुमच्या आईंना आग होणारच नाही. ब्लेड, वस्तरा, कात्री यांनाही हेच लागू.

घट्टा काढायचा तो पोडियाट्रिस्टने (पावलांच्या आजारांचे तज्ज्ञ) किंवा मधुमेही पायांच्या दवाखान्यात. निर्जंतुक पात्याने पातळ पापुद्रे सोलत काढतात, भूल लागत नाही, कारण तो थर मृत असतो. नीट केले तर रक्त येत नाही. काढल्यावर त्या जागेवरचा दाब लगेच उतरतो. पण चप्पल आणि इनसोल (बुटातला आतला थर) तेच राहिले तर काही आठवड्यांत घट्टा पुन्हा येतो, म्हणून ठरावीक अंतराने जावे लागते. घट्टा काढणे आणि दाब हलवणे ही दोन्ही कामे एकत्रच करावी लागतात.

---

गारवेल

टाचणी यांच्याशी सहमत, एक पुस्ती जोडतो. घासणे सरसकट निषिद्ध नाही. टाचेच्या कडेची कोरडी, भेगा न पडलेली कातडी आंघोळीनंतर बारीक दाण्याच्या घासणीने हलक्या हाताने, एकाच दिशेने, चार-पाच वेळा फिरवून गुळगुळीत ठेवता येते. कातडी गुलाबी दिसण्याच्या आत थांबायचे.

---

टाचणी

संवेदना शाबूत असलेल्या पायाला हे चालेल. इथे नको म्हणते. आत्ता थांबावे हे आपल्याला सांगते ती झोंबण्याची जाणीव, आणि इथे नेमकी तीच नाही. शिवाय घासणीच्या भोकांत ओलावा राहतो, जंतू वाढतात. टाचेसाठी घासण्यापेक्षा युरिया असलेले क्रीम जास्त सुरक्षित आणि काम तेच करते.

---

निर्झरा

धुणे, कोरडे करणे आणि कातडीबद्दल लिहिते.

पाय बुडवून ठेवणे बंद. रोज धुवायचे, पण भिजत ठेवायचे नाहीत. पाण्यात बराच वेळ राहिलेली कातडी फुगते, तिचे तेल निघून जाते आणि वाळल्यावर ती आधीपेक्षा कोरडी होते. बेचक्यांत तर ती सडू लागते. दुसरे कारण पाण्याची ऊब. बधिर पायाला ४५ अंशांचे पाणीही सुखद वाटू शकते आणि फोड आल्यावरच कळते. पाणी ३७ अंशांच्या खाली हवे. थर्मामीटर बुडवून पाहा, नाहीतर घरातल्या दुसऱ्या कुणीतरी कोपराने पाहावे. गरम पाण्याची पिशवी आणि हीटरसमोर पाय शेकणे याच कारणाने वर्ज्य.

धुऊन झाले की मऊ कापडाने टिपायचे, रगडायचे नाही. बेचक्यांत कापडाचे टोक घालून प्रत्येक बेचके वेगळे टिपा. बहुतेक जण इथेच घाई करतात.

करंगळीच्या बेचक्यातली पांढरी, भिजलेली कातडी म्हणजे बहुधा चिखल्या, बुरशीचा संसर्ग. चौथ्या आणि पाचव्या बोटामधली जागा सर्वांत चिंचोळी, हवा लागत नाही, म्हणून सुरुवात तिथून होते. खाज नसणे हेही बधिरतेमुळे असू शकते. डॉक्टरांनी पाहून बुरशी आहे म्हटले तर साधारणतः क्लोट्रिमॅझोल १ टक्का क्रीम दिवसातून दोनदा, सुमारे ४ आठवडे. किंवा टर्बिनाफिन १ टक्का, एक ते दोन आठवडे देतात. कातडी बरी दिसली म्हणून मध्येच सोडले की परत येते. स्टेरॉइड मिसळलेली 'सगळ्यावर एकच' क्रीमे लावू नका. लाली आणि खाज दबते, बुरशी मात्र पसरत राहते. बोटे एकमेकांना चिकटत असतील तर मध्ये सुक्या गॉजची सैल घडी ठेवा. या किरकोळ वाटणाऱ्या चिरेतून जिवाणू आत शिरतात आणि पोटरीपर्यंत सूज चढू शकते, म्हणून हे मागे टाकू नका.

टाचांच्या भेगांमागेही मज्जातंतूच आहेत. घाम आणणाऱ्या नसा मंदावल्या की तळवा सुकतो. पाय टिपून झाल्यावर, कातडीत थोडा ओलावा असतानाच, युरियाचे क्रीम लावा. रोजच्या कोरडेपणाला १० टक्के पुरते, टाच जाड असेल तर २० ते २५ टक्के. सकाळ-संध्याकाळ, तळव्याला आणि पावलाच्या वरच्या बाजूला, पण बेचक्यांत अजिबात नाही. भेगेत रक्त किंवा ओल दिसत असेल तर युरिया लावू नका, ती जखम समजा आणि दाखवा. क्रीम लावून लगेच फरशीवर चालू नये, घसरण्याची भीती असते. मोजे घालून मगच उभे राहायचे.

---

पाऊलवाट

खूप आभार. पाण्यात पाय बुडवणे, पट्टी आणि घासणी आजपासून बंद. तपासणी कशी करायची ते कुणी सांगेल का? आणि या उत्तरांनंतर मी चांगल्या उजेडात घट्टा पाहिला तर मध्यभागी मसुराएवढा तांबूस-काळा डाग दिसतो आहे. वर कातडी अखंड आहे. हे नेहमीचेच असते का?

---

टाचणी

नाही, हे नेहमीचे नाही. घट्ट्यातला काळपट-तांबूस डाग म्हणजे खाली साकळलेले रक्त. जखमेच्या अगदी आधीची ही पायरी आहे, आणि वरचे टरफल अखंड असले तरी खाली जखम झालेली असू शकते. वरून दाबून किंवा खरवडून पाहू नका. उद्याच दाखवा. तोवर उजव्या पायावरचे चालणे शक्य तितके कमी : शौचालय, जेवण, एवढेच. टाचेवर चालून भार वाचवायचा प्रयत्न करू नये, तोल जातो. काठी किंवा वॉकर वापरावा.

दवाखान्यात तीन गोष्टी विचारा. एक, घट्टा काढल्यावर खाली जखम निघाली का आणि ती किती खोल आहे. खोल असेल तर सळईने हाड लागते का ते पाहतात आणि एक्स-रे काढतात. दोन, रक्तपुरवठा. पावलाच्या पाठीवरची आणि घोट्याच्या आतल्या बाजूची, अशा दोन नाड्या हाताने लागतात का आणि घोटा व दंड यांच्या रक्तदाबाचे गुणोत्तर किती. ते ०.९ च्या खाली असेल तर रक्तवाहिन्या अरुंद झाल्या आहेत. पण मधुमेहात रक्तवाहिन्यांच्या भिंती कडक होतात आणि हा आकडा खोटा चांगला येऊ शकतो, १.३ च्या वर गेला तर त्यावर विसंबू नये. अशा वेळी पायाच्या अंगठ्याचा दाब मोजतात. तीन, भार कसा हलवणार. चवड्याखाली जखम असेल आणि रक्तपुरवठा चांगला असेल, संसर्ग नसेल, तर गुडघ्यापर्यंतचे न काढता येणारे प्लास्टर किंवा बूट हा सर्वांत खात्रीचा उपाय मानला जातो. 'न काढता येणारे' हाच त्यातला गाभा. काढता येणारा बूट लोक घरात काढून ठेवतात, आणि घरातली पावले काही थोडी नसतात. नुसते मलम आणि पट्टी लावून त्याच पायावर चालत राहिले तर जखम महिनोन्महिने भरत नाही.

---

उंबरठा

रोजच्या तपासणीबद्दल. वाकता येत नसेल तर आई खुर्चीत, पाय समोरच्या स्टुलावर, आणि पाहणारे तुम्ही. दोन मिनिटांचे काम आहे. एकटे राहणाऱ्याने जमिनीवर आरसा ठेवून त्यावर पाऊल धरावे, किंवा मोबाइलने तळव्याचा फोटो काढून तो मोठा करून पाहावा. दर आठवड्याला त्याच उजेडात, त्याच अंतरावरून फोटो काढून ठेवला तर बदल लगेच कळतो आणि डॉक्टरांनाही उपयोग होतो.

क्रम ठरवून टाका म्हणजे काही सुटत नाही : बोटांची टोके, चारही बेचकी उघडून, चवडा, कमान, टाचेची मागची कड, मग पावलाची पाठ आणि घोट्याची हाडे. टाचेची मागची कड सगळे विसरतात. झोपून राहणाऱ्यांना नेमकी तिथे जखम होते. शोधायचे ते : फोड, चीर, नवा डाग, सूज, ओल, वास. मोज्याचा तळही पाहा. मोजे पांढरे किंवा फिक्या रंगाचे वापरण्याचे कारण हेच, रक्ताचा किंवा पुवाचा ठिपका लगेच दिसतो.

मग हाताची पाठ दोन्ही तळव्यांच्या सारख्याच जागी टेकवा. एक जागा दुसऱ्या पायापेक्षा गरम लागली तर आत दाह सुरू आहे. त्वचेचे तापमान मोजणारा इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर आणखी चांगले. अंगठा, चवड्याच्या तीन जागा, कमानीचा मध्य आणि टाच, दोन्ही पायांवर त्याच अंतरावरून. दोन पायांत २.२ अंश सेल्सियस किंवा जास्त फरक सलग दोन दिवस आला तर चालणे कमी करून दाखवायचे. जखम होण्याआधी मिळणारी ही फार मोलाची खूण आहे.

संवेदना घरीही ढोबळ मानाने पाहता येते. डोळे मिटायला सांगा, तर्जनीचे टोक पायाच्या बोटाच्या टोकाला अगदी हलके, एक-दोन सेकंद टेकवा. दाबायचे नाही, गुदगुल्या करायच्या नाहीत. क्रम असा : उजवा अंगठा, उजवी करंगळी, डावा अंगठा, डावी करंगळी, उजवे मधले बोट, डावे मधले बोट. स्पर्श कळला की 'उजवा' किंवा 'डावा' म्हणायचे. सहापैकी दोन किंवा जास्त चुकले तर संवेदना कमी आहे. तुमच्या आईंचे निदान झालेलेच आहे, पण घरातल्या इतर मधुमेहींसाठी ही चाचणी ठेवा. दवाखान्यातला नायलॉनचा तंतू १० ग्रॅम भाराला वाकेल असा बनवलेला असतो. तो घट्ट्यावर न टेकवता शेजारी टेकवावा लागतो, नाहीतर निकाल चुकतो.

जखम नसली तरी तपासणीचे अंतर जोखमीवर ठरते. फक्त संवेदना गेलेली असेल तर ६ ते १२ महिन्यांनी. त्याबरोबर रक्तपुरवठा कमी किंवा पायाचा आकार बदललेला असेल तर ३ ते ६ महिन्यांनी. आधी जखम होऊन गेली असेल तर १ ते ३ महिन्यांनी.

---

गारवेल

नखांचे राहिले. सरळ रेषेत कापायचे, बोटाच्या टोकाबरोबर ठेवायचे, त्याहून आत नाही. कोपरे कापून गोल करू नका, कानशीने फक्त धार मोडा. कोपरा खोल कापला की मागे राहिलेली टोकदार कपची वाढताना मांसात रुतते आणि नखुरडे होते.

जाड नख तुम्ही कापू नका. साध्या नेलकटरने जोर दिला की नख उभे फाटते. दवाखान्यात ते यंत्राने पातळ करतात. जाड पिवळे नख म्हणजे बुरशीच असे नाही. बुटाचा सततचा दाब किंवा जुना मार यानेही होते. म्हणून गोळ्या सुरू करण्याआधी नखाचा नमुना तपासून घ्यावा. बुरशी ठरली तर टर्बिनाफिन २५० मिलिग्रॅम रोज, पायाच्या नखांसाठी १२ आठवडे, आधी यकृताची रक्ततपासणी करून. गोळ्या संपल्या तरी नख लगेच चांगले दिसणार नाही. पायाचे नख महिन्याला दीड मिलिमीटरच्या आसपास वाढते, अंगठ्याचे पूर्ण नवे यायला १२ ते १८ महिने लागतात. लोक तिसऱ्या महिन्यात 'गुण आला नाही' म्हणून निराश होतात, ते याचमुळे.

---

वहाणकार

पादत्राणांबद्दल सांगतो. मधुमेही पायांसाठी चपला-बूट बनवण्याचे काम करतो.

घरातही अनवाणी नाही, हा पहिला नियम. माप संध्याकाळी घ्या, तेव्हा पाऊल किंचित सुजलेले असते. आईंना कागदावर उभे करून दोन्ही पावलांची बाह्यरेषा काढा. बसून काढलेले माप कमी येते. कागद कापून बुटात घाला. कडेला दुमडला तर बूट अरुंद आहे, नंबर कितीही बरोबर असो. आतली लांबी सर्वांत लांब बोटापेक्षा १ ते २ सेंटिमीटर जास्त हवी. मोठे झाले तरी बरे असे समजू नका. ढिल्या बुटात पाऊल मागेपुढे सरकते आणि त्या घर्षणाने फोड येतात. बोटे वाकडी असतील तर पुढच्या भागाला लांबीपेक्षा उंची जास्त महत्त्वाची.

अंगठ्याचा पट्टा असलेली चप्पल नको. पट्टा बेचक्यात घासतो आणि चप्पल पायात राहावी म्हणून बोटे सतत आवळावी लागतात. संवेदना गेली की चप्पल निसटली तरी कळत नाही. मागे पट्टा, पुढे बंद किंवा बोटे झाकणारे सॅण्डल, बंद करायला वेल्क्रो. सूज कमी-जास्त झाली की सैल-घट्ट करता येते.

आतला थर मऊ मायक्रोसेल्युलर (बारीक हवेच्या पोकळ्या असलेल्या) रबराचा, बाहेरचा तळ टणक. दोन्ही मऊ असतील तर खिळा आरपार येतो. घट्ट्याच्या जागी इनसोलमध्ये नुसते गोल भोक पाडून देणारे लोक आहेत. ते टाळा, भोकाच्या कडेला दाब वाढतो. चवड्याच्या हाडांच्या मागे उंचवटा देऊन भार पसरवावा लागतो आणि तो अर्धा सेंटिमीटर चुकला तरी काम उलटे होते. तळ पुढे गोलाकार वळलेला असेल तर आखडलेल्या अंगठ्याला वळावे लागत नाही, दाब उतरतो.

नवा जोड पहिल्या दिवशी घरात एक तास. काढून पाय पाहा. लाली अर्ध्या तासात गेली नाही तर त्या जागी दाब येतोय, जोड परत आणा. सगळे ठीक असेल तर रोज तासाभराने वाढवा. घालण्याआधी प्रत्येक वेळी आत हात फिरवायचा : खडा, वर आलेली शिवण, दुमडलेला इनसोल. इनसोल अंगठ्याने दाबला आणि परत वर आला नाही तर तो संपला, बूट नवा दिसत असला तरी.

---

निर्झरा

कशासाठी थांबू नये, हा प्रश्न राहिला होता.

त्याच दिवशी दाखवा : कुठलीही उघडी जखम किंवा फोड, जखमेभोवती वाढत जाणारी लाली (कडेवर पेनाने रेघ ओढून वेळ लिहा, रेघेबाहेर गेली तर संसर्ग पसरतोय), वास, पू, काळे पडलेले बोट. जखमेच्या कडेपासून २ सेंटिमीटरपेक्षा दूर लाली गेली असेल, थंडी-ताप असेल किंवा साखर एकाएकी चढली असेल तर थेट रुग्णालयात. ताप नाही म्हणून निर्धास्त राहू नका, मधुमेहात संसर्ग गंभीर असूनही ताप नसू शकतो. पाय अचानक थंड, पांढुरका-निळा पडला तर प्रश्न तासांचा असतो, रात्र काढू नका.

पोहोचेपर्यंत जखम स्वच्छ वाहत्या पाण्याने किंवा सलाइनने धुऊन कोरडे गॉज ठेवा. हायड्रोजन पेरॉक्साइड, स्पिरिट नको. ते नव्या पेशी जाळतात. चिकटपट्टी बोटाभोवती गोल गुंडाळू नका, सूज आली की आवळते. फोड फोडू नका.

आणि एक गोष्ट जी सर्वांत जास्त चुकते : एकच पाऊल गरम, लाल, सुजलेले, जखम कुठेच नाही, दुखणे नावापुरते. याला मुरगळ, गाउट किंवा संसर्ग समजून आठवडे जातात. संवेदना गेलेल्या पायात हे शार्को फूट असू शकते, म्हणजे आतली हाडे आणि सांधे ढासळत असतात. सुरुवातीचा एक्स-रे साफ येऊ शकतो, त्यावर समाधान मानू नका, एमआरआय लागतो. संशय आला की निदान होण्याची वाट न पाहता पायावरचा भार काढायचा. चालत राहिले तर कमान खाली बसते आणि तळव्याला कायमचा उंचवटा येतो.

---

पाऊलवाट

उद्या सकाळची वेळ मिळाली आहे. सोबत काय न्यावे?

---

वहाणकार

रोजची घरातली आणि बाहेरची, दोन्ही पादत्राणे न्या, धुऊन-पुसून नाही, आहेत तशी. आतला थर कुठे खोलगट झाला आहे आणि तळ कुठे झिजला आहे, यावरून भार कुठे पडतो ते पायाइतकेच कळते. औषधांची यादी आणि आज काढलेला डागाचा फोटोही. आणि दवाखान्याच्या दारापासून आतपर्यंत व्हीलचेअर मागून घ्या, उजवा पाय टेकवू नका.